मनोऱ्याला मनाई

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? बर्फाची शिखरे, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, चॉकलेट, घड्याळे आणि हिंदी चित्रपटांतल्या नायक-नायिकांची बर्फातली धावाधाव. माझ्याही डोळ्यांपुढे याहून निराळे काही नव्हते. परंतु चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला एक खोड जडते. तो जाईल तेथला कायदा हुंगत फिरतो. गेल्या उन्हाळ्यात भाच्याकडे झुरिकला दोन महिने राहण्याचा योग आला. युंगफ्राऊचे बर्फ पाहून झाले, सरोवरात नावेतून हिंडून झाले, आणि मग एके सकाळी चहा पिता पिता मी भाच्याला म्हटले, "आता मला तो सहा मीटरांचा मनोरा दाखव."

"सहा मीटर? अहो मामा, इथे चार-चार हजार मीटरची शिखरं आहेत. सहा मीटरचं काय पाहायचं?"

"त्या शिखरांपायी कोणी राज्यघटना बदलली नाही," मी म्हणालो.

भाचा हसला, पण रविवारी घेऊन गेला. ऑल्टन हे तेथले मोठे रेल्वे जंक्शन, आपल्या मनमाडसारखे. तेथून शेजारच्या वांगेन गावाला जाणारी लोकल पकडायची. गाव साधेच. टुमदार घरे, खिडक्यांत तांबडी जिरेनियमची फुले, आणि रविवार असल्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुर्की मंडळींच्या सांस्कृतिक संस्थेची इमारत कारखान्यांच्या वस्तीत आहे. तिच्या छपरावर एक सडपातळ मनोरा, टोकाला निमुळता. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाक्या याहून उंच असतील! त्यावर चढून कोणी बांग देत नाही. तशी परवानगी कोणी मागितलीही नव्हती. मनोरा केवळ शोभेचा, किंवा म्हणा, ओळखीचा.

या मनोऱ्याची कथा २००५ साली सुरू झाली. संस्थेने रीतसर नकाशे जोडून अर्ज केला. शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, गावच्या बांधकाम समितीने अर्ज फेटाळला. मंडळी वरच्या पायरीवर गेली. झोलोथुर्न कँटनच्या खात्याने परवानगी दिली. (कँटन म्हणजे त्यांचे घटक राज्य, अशी तेथे २६ आहेत आणि प्रत्येक आपापल्या तोऱ्यात असते.) मग गावकरी न्यायालयात गेले. पायरीपायरीने प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि २००७ साली तेथेही तुर्की मंडळीच जिंकली. जानेवारी २००९ मध्ये मनोरा उभा राहिला.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवे होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात हरलेला पक्षकार फार तर फेरविचाराचा अर्ज टाकतो आणि वकिलाच्या नावाने बोटे मोडीत घरी बसतो. स्वित्झर्लंडमध्ये मात्र त्याला आणखी एक दार मोकळे असते. अठरा महिन्यांत एक लाख मतदारांच्या सह्या गोळा केल्या तर खुद्द राज्यघटनाच बदलण्याचा प्रस्ताव जनतेपुढे ठेवता येतो. न्यायालयाने कायदा सांगितला ना? मग कायद्याच्या वरचाच कायदा बदला! न्यायाधीशांवर जनतेकडे केलेले अपीलच म्हणा ना.

काही राजकारण्यांनी नेमके हेच केले. एक लाख तेरा हजारांवर सह्या जमल्या आणि जुलै २००८ मध्ये त्या राजधानीत दाखल झाल्या. प्रस्ताव अगदी आटोपशीर: मनोरे बांधण्यास मनाई आहे. केंद्र सरकारने आणि संसदेने जनतेला विनविले की हा प्रस्ताव नाकारा. ख्रिस्ती धर्मगुरूंनी विरोध केला, ज्यू संस्थांनीही केला. मतदानापूर्वीच्या चाचण्यांत ५३ टक्के लोक बंदीच्या विरुद्ध दिसत होते. सारे निश्चिंत होते.

२९ नोव्हेंबर २००९ च्या रविवारी मते मोजली गेली तेव्हा ५७.५ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली होती. पंधरा लाखांहून अधिक माणसांनी होकार दिला. २६ पैकी फक्त चार कँटनांनी नकार दिला: जिनीव्हा, व्हो, न्यूशातेल आणि बाझेल शहर. सर्वांत जोरदार होकार आला तो आपेंझेल इनररोडेन या डोंगरी कँटनातून, तब्बल ७१ टक्के.

आणि या क्षणी साऱ्या देशात मनोरे होते किती? चार. झुरिक, जिनीव्हा, विंटरथूर आणि हे वांगेन. चारांपैकी एकावरूनही बांग ऐकू येत नव्हती. मुसलमानांची संख्या चार लाखांच्या घरात, लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के. त्यांतले बहुतेक बोस्निया, कोसोव्हो, मॅसिडोनिया आणि तुर्कस्तानातून पोटासाठी आलेले. नमाजाच्या जागा दीडशेच्या आसपास, त्याही बहुतेक जुन्या गोदामांत, तळघरांत आणि गॅरेजांत. त्यांना कोणी हात लावला नाही. हे सरकारने निकालाच्या दिवशीच स्पष्ट केले. मशिदी बांधा, नमाज पढा, रोजे धरा. फक्त दिसू नका.

प्रचाराची भित्तिपत्रके मी चित्रांत पाहिली आहेत. स्वित्झर्लंडच्या तांबड्या निशाणावर काळे कुळकुळीत मनोरे क्षेपणास्त्रांसारखे उगवलेले, आणि पुढे डोळ्यांपुरती फट ठेवलेली बुरख्यातली बाई. बाझेल आणि लोझान या शहरांनी ती लावू दिली नाहीत. झुरिकने आणि जिनीव्हाने लावू दिली. याच दिवसांत जिनीव्हाच्या मशिदीवर दगडफेक झाली, रंग फेकला गेला. पण निकालानंतरची एक गंमतही सांगितली पाहिजे. लोझानजवळच्या बुसिन्यी गावी जोड्यांचा एक व्यापारी राहतो. गृहस्थ मुसलमान नव्हे. निकालाने तो इतका चिडला की आपल्या गुदामाच्या धुराड्यावर त्याने चक्क खोटा मनोरा चढवला. बंदी मनोऱ्याला, धुराड्याचा पोशाख कसा असावा हे घटनेत कोठे लिहिले आहे?

भाच्याच्या शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षिका राहतात. भाचेसुनेशी त्यांचा चांगला घरोबा. एका संध्याकाळी त्या चहाला आल्या. थोडे इंग्रजी, थोडे भाचेसुनेचे दुभाषेपण अशी आमची बैठक जमली. मी विषय काढताच त्या सरळ म्हणाल्या, "मी बंदीच्या बाजूनं मत दिलं."

मला त्यांचा मोकळेपणा आवडला. कारण विचारले.

"माझा मुसलमानांवर राग नाही. माझे विद्यार्थी होते की मुसलमान. पण या देशात मला मताचा अधिकार मिळाला तो १९७१ साली, मी एकवीस वर्षांची असताना. त्याआधी पुरुषांनी मतदान करून आम्हांला मत नाकारलं होतं. बायकांना झाकून ठेवणाऱ्या विचाराचं निशाण पुन्हा आमच्या गावात उभं राहावं, हे मला नको होतं."

बाईंचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ज्या आपेंझेलने ७१ टक्के होकार दिला, तेथल्या पुरुषांनी तर आपल्या बायकांना कँटनच्या कारभारात मत द्यायला १९९० पर्यंत नकार दिला आणि शेवटी न्यायालयाने कान पिळला तेव्हाच ते सुधारले. तेव्हा तेथला होकार काही स्त्रियांच्या कळवळ्याने आला असेल असे मला वाटत नाही. पण या बाईंचा कळवळा खरा होता. अडचण एवढीच की त्यांचा राग बुरख्यावर होता आणि शिक्षा झाली मनोऱ्याला.

मी त्यांना विचारले, "झुरिकची ती फोर्खस्ट्रासवरची मशीद, देशातली पहिली मनोऱ्याची मशीद, तिची कोनशिला कोणी बसवली ठाऊक आहे?"

त्यांना ठाऊक नव्हते. ती १९६२ साली एका स्त्रीने बसवली. म्हणजे ज्या साली स्विस बायकांना देशाच्या निवडणुकीत मत नव्हते, त्या साली एका मुसलमान बाईच्या हस्ते या देशातल्या पहिल्या मनोऱ्याच्या मशिदीचा पाया घातला गेला. बाई क्षणभर कपातल्या चहाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मी निराळं मत दिलं असतं का, ते सांगता येत नाही." असे उत्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी फार थोड्या वेळा ऐकले आहे.

बंदीवाल्यांचा खरा कायदेशीर मुद्दा मात्र निराळा होता. ते म्हणत, मनोऱ्याचा उल्लेख कुराणात नाही, नमाजाला त्याची गरज नाही. तेव्हा मनोरा बंद केल्याने धर्मस्वातंत्र्याला धक्का कोठे लागतो? हा युक्तिवाद ऐकून मला आपल्याच घरची आठवण झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली इस्माईल फारुकी खटल्यात म्हटले होते की, मशीद हा इस्लामच्या आचरणाचा अत्यावश्यक भाग नव्हे, नमाज उघड्यावरही पढता येतो. तो प्रश्न जमीन संपादनाचा होता आणि ते विधान त्याच संदर्भात वाचायचे, असे त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टही केले. पण धर्मातले आवश्यक काय आणि अनावश्यक काय हे एकदा तिऱ्हाइताने ठरवायचे म्हटले, की मग कशाची धडगत राहत नाही. चर्चच्या उंच मनोऱ्याचा उल्लेख बायबलमध्ये आहे काय? आणि आकाशकंदील कोणत्या वेदात सांगितला आहे? भाचेसून दर दिवाळीला झुरिकच्या चौथ्या मजल्यावर कंदील लावते. तो न लावता फराळ होतो, लक्ष्मीपूजन होते. तरी उद्या कोणी म्हणाले, "दिवाळी खुशाल करा, कंदील तेवढा बाहेर लावू नका," तर तिच्या जिवाला काय वाटेल, ते तुम्हां-आम्हांला समजावून सांगायला नको.

बरे, स्विस घटनेच्या १५ व्या कलमात धर्मस्वातंत्र्याची हमी आहे, ८ व्या कलमात भेदभावाला मनाई आहे. आणि बंदी आहे ती फक्त मशिदीच्या मनोऱ्याला. चर्चचे शिखर, बौद्धांचा स्तूप, हिंदूंचे गोपुर यांना गावचे बांधकामाचे नियम लागू, पण घटनेची आडकाठी नाही. वांगेनहून हाकेच्या अंतरावर ट्रिंबाख गाव आहे. तेथे लंकेतून परागंदा होऊन आलेल्या तमिळ हिंदूंनी २०१३ साली देवीचे नवे देऊळ बांधले. एकाच खोऱ्यात दोन परदेशी देव; एकाला वर मान करण्याची मुभा, दुसऱ्याला नाही.

मग या दोन्ही कलमांचा आधार घेऊन कोणी दाद मागितली नाही काय? मागितली. जिनीव्हा मशिदीचे एकेकाळचे प्रवक्ते हफीद वारदिरी आणि काही मुस्लिम संस्था स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. जून २०११ मध्ये न्यायालयाने अर्ज दाखल करून घेण्यासच नकार दिला. म्हणाले, तुम्ही मनोरा बांधायला निघाला आहात काय? नाही ना? मग तुमचे प्रत्यक्ष नुकसान काय झाले? ज्याला खरोखर बांधायचा असेल त्याने आधी स्विस न्यायालयात जावे. वकील म्हणून मला हा निकाल समजतो. माणूस म्हणून मला त्या तळघरातल्या नमाजीचे हसू येते, तेही कडवटच. कारण त्याने आता अशा इमारतीचे नकाशे काढायचे, आर्किटेक्टची फी भरायची, शेजाऱ्यांचे शिव्याशाप घ्यायचे, जी इमारत घटनेनेच मना केली आहे. आणि मग दहा वर्षे खटला लढायचा. ज्याला त्याच गावात भाड्याचे घर शोधायचे आहे, मुलाला नोकरी लावायची आहे, तो हे कशाला करील?

झुरिकच्या मशिदीची गोष्ट अर्धीच राहिली. ती अहमदिया पंथाची आहे. या पंथाचा जन्म आपल्या पंजाबातल्या कादियान गावचा. मशिदीचे उद्‌घाटन २२ जून १९६३ रोजी सर मुहम्मद जफरुल्ला खान यांच्या हस्ते झाले. जुन्या वाचकांना हे नाव आठवत असेल: फाळणीपूर्वी आपल्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, मग पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री, आणि त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष. रस्त्याच्या एका बाजूला प्रॉटेस्टंट चर्च, दुसऱ्या बाजूला पांढराशुभ्र मनोरा. झुरिकचे लोक साठ वर्षे त्यांच्यामधून ट्रामने ये-जा करीत आहेत.

आता यातला पेच पाहा. याच अहमदियांना पाकिस्तानने १९७४ साली घटनादुरुस्ती करून मुसलमान नव्हेत असे ठरवले. १९८४ साली जनरल झिया-उल-हक यांच्या वटहुकुमाने त्यांना आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणण्यास आणि बांग देण्यास मनाई झाली. म्हटल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. तेथे त्यांचे मनोरे पाडले गेले आहेत, कधी जमावाकडून, तर कधी पोलिसांच्या देखरेखीखाली. म्हणजे एका देशात त्यांना मनोरा नको, कारण ते मुसलमान. दुसऱ्या देशात नको, कारण ते मुसलमान नव्हेत! स्वित्झर्लंडमध्ये निदान उभा मनोरा पाडायला कोणी येत नाही आणि आत कोणी काय म्हणावे हे पोलीस विचारीत नाहीत. हा फरक लहान नाही, आणि तो सांगितला नाही तर स्विस माणसावर अन्याय होईल.

स्विस मंडळींना धर्माच्या भिंतींची ही भीती काही नवी नाही. १८४७ साली तेथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट कँटनांत यादवी झाली. ती महिनाभरात मिटली, पण अढी उरली. घटनेत जेझुइट पाद्र्यांवर बंदी आली. १८७४ च्या घटनेने नवे मठ बांधण्यासही मनाई केली. त्या काळी देशाला धोका म्हणजे रोमचा पोप! ही कलमे रद्द व्हायला १९७३ साल उजाडावे लागले, तेही अवघ्या ५५ टक्के मतांनी. शेवटचे एक शेपूट उरले होते: केंद्र सरकारच्या परवानगीवाचून कॅथलिकांना नवे बिशपक्षेत्र स्थापता येत नसे. हे कलम २००१ साली जनतेने काढून टाकले. त्याचा क्रमांक होता ७२, पोटकलम ३.

भाच्याच्या टेबलावर घटनेची प्रत उघडून बसलो असताना माझे लक्ष तेथे गेले आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मनोऱ्यांच्या बंदीचे कलम कोणते? ७२, पोटकलम ३. कॅथलिकांनी रिकामी केलेली खोली आठ वर्षे बंद होती. नंतर तीच मुसलमानांना दिली. पत्तादेखील बदलावा लागला नाही.

ज्यूंचे प्रकरण मात्र अजून मिटलेले नाही. जनतेने सह्या गोळा करून घटना बदलण्याचा हक्क स्विस लोकांना १८९१ साली मिळाला. त्या हक्काचा पहिलावहिला वापर कशासाठी झाला? ऑगस्ट १८९३ मध्ये ज्यूंच्या धार्मिक पद्धतीच्या कत्तलीवर बंदी घालण्यासाठी. प्रचार प्राण्यांवरच्या दयेचा, आतला सूर ज्यूंविरुद्धचा. सरकार आणि संसद तेव्हाही विरुद्ध होती, आणि तेव्हाही ६० टक्के लोकांनी होकार दिला. ती बंदी पुढे घटनेतून साध्या कायद्यात उतरली, पण आजही आहे; धार्मिक ज्यू मांस परदेशातून मागवतात. अलीकडे, मार्च २०२१ मध्ये, याच मार्गाने चेहरा झाकण्यावर बंदी आली, ५१.२ टक्क्यांनी. ती १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. आमच्या शिक्षिकाबाईंचा राग जिच्यावर होता ती वस्तूही आता गेली. मनोऱ्याची बंदी मात्र आहे तेथेच आहे.

परत यायच्या आधी मी भाच्याला एंडिंगेन गावी न्यायला लावले. आरगाऊ कँटनातली एंडिंगेन आणि लेंगनाऊ ही दोन खेडी. १८६६ पर्यंत, फार थोडे अपवाद सोडले तर, स्वित्झर्लंडात ज्यूंना या दोनच गावांत वस्ती करण्याची मुभा होती. बाहेर फ्रान्सने व्यापारी कराराच्या निमित्ताने दडपण आणले तेव्हा कोठे ही गाठ सुटली. गावात अजून काही घरांना शेजारी-शेजारी दोन दरवाजे दिसतात. ज्यू आणि ख्रिस्ती यांनी एका छपराखाली राहू नये असा नियम होता. मग एकाच घराला दोन दारे ठेवली आणि नियम पाळला! लोक कोठलेही असोत, शेजाऱ्याशी राहायचेच ठरवले की वाट काढतात.

गावाच्या मध्यावर सिनॅगॉग आहे, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. १८५२ साली बांधून पुरे झालेले. गावात चर्च नाही. त्यामुळे गावाचे घड्याळ या सिनॅगॉगलाच बसवलेले आहे आणि घंटाही तिथलीच. ज्यू कुटुंबे केव्हाच शहरांकडे गेली. मागे राहिलेले ख्रिस्ती गावकरी त्या घड्याळाकडे पाहून शेतावर जातात, मुलांना शाळेत धाडतात. आम्ही पोचलो तेव्हा चौकात एक आजोबा मान वर करून आपले मनगटी घड्याळ त्याच्याशी जुळवून घेत होते. भाच्याने त्यांना बाडेनची बस केव्हा आहे म्हणून विचारले. त्यांनी हातानेच वर दाखवले, आणि अजून दहा मिनिटे आहेत म्हणाले.